ती कोणत्या शब्दांनी शोधेल?

(अहिल्यानगर जिल्ह्यातील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘वेबसाइट आणि चळवळ’. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या या मासिकाची साइट सांभाळतो. लेख चढवायचे, बिघडलेल्या लिंका दुरुस्त करायच्या आणि लोक आपल्यापर्यंत कसे पोचतात ते बघायचं, एवढंच माझं काम. या शेवटच्या कामाला बाजारात एसईओ म्हणतात. सर्च इंजिनात आपलं पान सापडावं यासाठी केलेली खटपट. तुमच्यापैकी काहींनी त्याचे कोर्स केले असतील, काहींना त्यात नोकरीही हवी असेल. पण आज मी एका प्रश्नापासून सुरुवात करतो.

आपल्या साइटवर वरच्या कोपऱ्यात शोधायची एक छोटी पेटी आहे. तिच्यात लोक काय टाइप करतात याची नोंद मी अधूनमधून बघत असे. बहुतेक वेळा लेखकांची नावं असतात. एका रविवारी त्यात एक आख्खं वाक्य दिसलं. मराठीच, पण रोमन अक्षरांत लिहिलेलं: नवऱ्याने फोनवर तलाक दिला तर काय करायचं. खाली आपल्या साइटने दिलेलं उत्तर होतं, ‘काहीही सापडले नाही’.

मित्रांनो, तलाक या विषयावर आपल्याकडे ढीगभर मजकूर आहे. आपली चळवळच त्या प्रश्नातून उभी राहिली. 18 एप्रिल 1966 ला हमीद दलवाईंनी मुंबईत सात महिलांचा मोर्चा काढला, तो याच प्रश्नासाठी. तेव्हापासून भाषणं झाली, परिषदा झाल्या, विशेषांक निघाले. आणि एवढं सगळं गाठीशी असताना आपण त्या बाईला सांगितलं, काहीही सापडले नाही.

ती कोण होती, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नव्हतं. पण त्या दिवसापासून एसईओ या शब्दाचा माझ्यासाठी एकच अर्थ उरला. ज्याला गरज आहे तो माणूस कोणत्या शब्दांनी शोधेल?

आता उत्तर का सापडलं नाही ते सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं बरंच आहे.

सर्च इंजिन तीन कामं करतं. आधी त्याचा प्रोग्राम एका लिंकेवरून दुसऱ्या लिंकेवर फिरत पानं वाचतो. मग वाचलेल्याची सूची बनवतो, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. आणि कुणी काही विचारलं की त्या सूचीतली पानं क्रम लावून पुढे ठेवतो. क्रमाची चिंता सगळेच करतात. आमची गाडी पहिल्याच पायरीवर अडली होती.

आपले जुने अंक पीडीएफमध्ये आहेत. काही अंक म्हणजे पानांचे नुसते फोटो. काही त्या काळच्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये केलेले आहेत. युनिकोड रुळण्याआधी मराठी छपाई अशीच चालायची. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘तलाक’ दिसतं, पण संगणकाच्या पोटात भलतीच इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. तो मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, म्हणजे कळेल. माणसाला वाचता येतं, पण यंत्रासाठी तो सगळा गिचमिडकाला. म्हणजे कित्येक वर्षांचं आपलं लेखन कपाटात कुलूपबंद होतं आणि आपण समजत होतो की ते जगासमोर मांडलंय.

जे लेख युनिकोडमध्ये होते त्यांची अडचण वेगळी. त्यांची शीर्षकं ‘तलाकपीडित भगिनींचा न्यायहक्कांचा लढा : दशा आणि दिशा’ अशा थाटाची. शीर्षक वाईट नाही, परिषदेच्या बॅनरवर शोभतं. पण रात्री अकरा वाजता, पोरं झोपल्यावर, हातात फोन घेतलेली बाई ‘दशा आणि दिशा’ असं टाइप करणार आहे का?

शब्दांची गंमत पुढे आणखी आहे. ‘तलाक’ कुणी नुक्ता देऊन लिहितं, कुणी न देता. नुक्ता दिला तरी ते ‘क़’ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतं. एक अख्खं अक्षर म्हणून, किंवा ‘क’ आणि नुक्ता वेगवेगळे देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मोठी सर्च इंजिनं हा फरक सांभाळून घेतात, पण आपल्या साइटवरची साधी पेटी तो सांभाळत नव्हती. रोमन अक्षरांतली मराठी तर तिला मुळीच कळत नव्हती. आणि आपल्यातले किती तरी जण फोनवर मराठी अशीच लिहितात. घरात दखनी, शाळेत मराठी, फोनवर रोमन. आपण माणसं अशी आहोत. साइटनेही तसंच असायला हवं.

आता आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. 2024 साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. त्याबद्दल इथे बसलेल्यांच्या मनात वेगवेगळं काही असेल. अहमद निजामशहाने वसवलेलं शहर आपलं आहे, आणि जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईही आपल्या आहेत. ती चर्चा तुम्ही जेवताना करा. साइट सांभाळणाऱ्यापुढे त्या दिवशी साधा प्रश्न होता. सरकारी कागदावर नवं नाव येणार, आणि माणसं कित्येक वर्षं दोन्ही नावांनी शोधणार. काही तर नुसतं ‘नगर’ म्हणूनच शोधणार.

मला दोन सल्ले मिळाले. एक म्हणाला, सगळीकडे जुनं नाव पुसून नवं टाक. दुसरा म्हणाला, मुळीच बदलू नकोस. मी दोघांचंही ऐकलं नाही. पत्ता, संपर्क, चालू घडामोडी या ठिकाणी नवं नाव घातलं आणि शेजारी ‘पूर्वीचे अहमदनगर’ असं लिहिलं. जुन्या लेखांतलं जुनं नाव तसंच ठेवलं. 1942 ते 1945 मध्ये नेहरू आणि मौलाना आझाद ज्या किल्ल्यात कैदेत होते, त्याचं लेखातलं नाव आज बदलून लिहिलं तर तो इतिहास राहत नाही. ज्या पानांचा पत्ता बदलावा लागला, तिथे कायमचं पुनर्निर्देशन लावलं. तांत्रिक भाषेत त्याला 301 म्हणतात. घर बदलल्यावर आपण पोस्टमनला नवा पत्ता सांगून ठेवतो ना, तेच. ते केलं नाही तर जुन्या लिंकेवरून आलेला माणूस बंद दारासमोर उभा राहतो.

पानाचा पत्ता मात्र मी रोमन अक्षरांत ठेवतो. त्यावरून मला आमच्याच लोकांनी झापलंय, मराठीचा अभिमान नाही का म्हणून. कारण असं आहे. देवनागरीतलं एकेक चिन्ह वेबच्या पत्त्यात नऊ चिन्हांचं होऊन बसतं. ‘अहिल्यानगर’ या शब्दात काना, वेलांटी, हलन्त धरून दहा चिन्हं आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक चिकटवली की पुष्कळदा त्याची 90 चिन्हांची टक्केवाली शेपटी दिसते. ती बघून लोकांना वाटतं काहीतरी व्हायरस आहे, आणि कुणी दाबत नाही. अभिमान मजकुरात ठेवावा.

असाच नावबदल कायद्यातही झाला, आणि तो जास्त महत्त्वाचा. पोटगीसाठी सगळ्यांच्या तोंडी असलेलं कलम म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125. शाहबानोचं 1985 चं प्रकरण याच कलमाखाली चाललं. 1 जुलै 2024 पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पोटगीची तरतूद कलम 144 मध्ये गेली. लगेच 10 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही 125 खाली पोटगी मागता येते. आता बघा, निकालात 125, नव्या पुस्तकात 144, आणि शोधणारी बाई लिहिणार ‘पोटगी’, नाहीतर ‘खर्चा’. या तिन्ही वाटा एकाच पानावर यायला हव्यात. ते काम यंत्र करत नाही, पान लिहिणाऱ्याने करायचं असतं.

मग आम्ही ते पान नव्याने लिहिलं. वकील मैत्रिणीला बरोबर घेतलं. शीर्षक ठेवलं, ‘नवऱ्याने फोनवर किंवा मेसेजवर तलाक दिला तर काय करावे?’ पहिल्याच ओळीत उत्तर दिलं: असा एका दमात दिलेला तीन तलाक कायद्याने रद्दबातल आहे, त्याने लग्न मोडत नाही. मग त्याचा आधार सांगितला. 22 ऑगस्ट 2017 चा शायरा बानो प्रकरणातला निकाल आणि 2019 चा कायदा. त्या कायद्यात तोंडी, लेखी, इलेक्ट्रॉनिक असा कुठल्याही मार्गाने दिलेला तत्काळ तलाक धरला आहे. नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाईला स्वतःसाठी आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या मुलांसाठी निर्वाहभत्ता मागता येतो, अज्ञान मुलांचा ताबा मागता येतो. तक्रार ती स्वतः करू शकते किंवा तिचे नातेवाईक करू शकतात. तडजोड करायची तर तिच्या इच्छेने आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीने. शेवटी दोन नंबर दिले. मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100 आणि महिला हेल्पलाइन 181. बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हेही लिहिलं, कारण ते फार कमी जणींना माहीत असतं.

दशा आणि दिशा हा लेखही साइटवर आहे. पानाच्या तळाशी त्याची लिंक आहे. ज्याला चळवळ समजून घ्यायची त्याने तो जरूर वाचावा. आधी मदत, मग इतिहास.

इथे मी फार शहाणा आहे असं वाटायला नको, म्हणून माझी एक फजिती सांगतो. साइटचं नवं रूप तयार करताना सेटिंगमध्ये एक टिक करायची असते. काम चालू आहे, तोवर सर्च इंजिनांनी ही साइट सूचीत घेऊ नये, अशी सूचना. मी ती केली. साइट सुरू झाली, सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि टिक काढायला मी विसरलो. काही दिवसांनी एक मित्र म्हणाला, अरे, आपलं नाव टाकलं तरी आपण येत नाही. मी आधी अल्गोरिदमवर संशय घेतला. आपल्या लोकांवर नेहमी अन्याय होतो वगैरे बोलूनही झालं. मग सर्च कन्सोल उघडलं, तर तिथे स्पष्ट लिहिलं होतं: पान सूचीत घेतलेलं नाही, कारण तुम्हीच मनाई केली आहे. दार आतून लावून मी बाहेरच्यांना दोष देत होतो. हे फक्त वेबसाइटबाबत होतं असं नाही, पण ते असो.

सर्च कन्सोल हे गूगलचं मोफत साधन आहे. कोणत्या शब्दांवर तुमचं पान दाखवलं गेलं, किती जणांनी दाबलं, सरासरी कितव्या क्रमांकावर होतं, कोणती पानं वाचताच आली नाहीत, हे ते सांगतं. फार थोड्यांनी विचारलेले शोध खाजगीपणासाठी त्यात दाखवत नाहीत, ते योग्यच आहे. पेजस्पीड इनसाइट्स पान किती जड आहे ते सांगतं. आमच्या मुखपृष्ठावर संमेलनाचे कॅमेऱ्यातून काढलेले मोठमोठे फोटो होते. शहरात वायफायवर छान दिसायचे. अकोल्याच्या डोंगराकडे, अकोले तालुका म्हणतोय मी, तिथे रेंज येते-जाते, आणि पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. फोटो लहान केले, मदतीच्या पानावरून तर काढूनच टाकले.

आणि अनाहूत मेल. ‘आपली साइट आठवड्यात पहिल्या नंबरवर आणून देऊ, खात्रीने.’ वेबमास्टरला असले मेल नेहमीच येतात. पहिल्या नंबराची खात्री कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतः लिहून ठेवलंय. ही मंडळी पैसे घेऊन कुठल्या तरी टुकार साइटींवरून तुमच्याकडे लिंका लावतात. पकडलं गेलं की तुमचं पान खाली जातं. एकच शब्द पन्नासदा कोंबणं, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवणं, हेही त्याच जातीचं. असल्या धंद्यात नोकरी मिळाली तर विचार करून घ्या.

यापेक्षा मोठा मोह मात्र आपल्याच आत असतो, त्याबद्दल बोलायला हवं. ‘तीन तलाक’ हे शब्द टाकून दोन प्रकारची माणसं येतात. एक, जिच्यावर प्रसंग ओढवला आहे ती. दुसरी, तमाशा बघायला आलेली. दुसऱ्यांची गर्दी मोठी असते. त्यांच्यासाठी भडक शीर्षक दिलं की आलेख उसळतो. आम्ही एकदा दिलं होतं. आकडे वाढले, खाली प्रतिक्रियांत काही जण मुसलमानांना शिव्या देऊन गेले, आणि आपल्यातले काही जण आम्हाला शिव्या देऊन गेले. संपादकांनी मला फोन केला. म्हणाले, ‘गर्दी आपल्याला नवी नाही रे, पण ती कशासाठी जमली ते बघत जा.’ शीर्षक मी त्याच दिवशी बदललं. आपल्या समाजातला अन्याय आपण बोलणारच, मोठ्याने बोलणार. पण तो ज्या बाईवर झाला तिला तोंड लपवावं लागेल अशा भाषेत नाही.

आणि एक गोष्ट साधनांबद्दल. वेबसाइटवर पाहुण्यांची मोजदाद करणारी साधनं मोफत मिळतात. कोण कुठून आला, कुठल्या फोनवरून, किती वेळ थांबला. मलाही हे बघायला आवडायचं. पण त्या एका वाक्यानंतर मी विचार केला, मदतीचं पान उघडणाऱ्या बाईवर पाळत ठेवायचं मला काय कारण? बऱ्याच घरांत फोन एक आणि हात चार असतात. म्हणून त्या पानावरून मोजदाद, शेअरची बटणं, उघडणाऱ्या खिडक्या, सगळं काढलं. शोधपेटीची नोंदही आता फक्त शब्दांची ठेवतो, कुणी लिहिले ते ठेवत नाही. पानाच्या वरच सूचना लिहिली: हा फोन घरात इतर कुणी वापरत असेल तर इनकॉग्निटो खिडकीत वाचा. त्याने फोनमधला इतिहास उरत नाही, पण इंटरनेट पुरवणाऱ्यापासून सगळं लपतं असं नाही. म्हणून त्या पानाला किती जणी भेट देतात, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. अहवालात तिथे मी रिकामी जागा ठेवतो.

आता तर शोधलं की वर यंत्रानेच जुळवलेलं उत्तर येतं. लिंक दाबायची गरजच उरत नाही. पण ते उत्तरही कुठल्या तरी पानांवरूनच जुळवलेलं असतं. मराठीत मुसलमानांबद्दल खरं, नीट, तपासलेलं लिहिलेलं नसेल, तर जे पडलेलं असेल त्यातूनच ते जुळणार. ऐकीव, अर्धवट, कुणाच्या तरी रागातून लिहिलेलं. रिकामी जागा रिकामी राहत नाही.

श्रीगोंद्याचे शेख महंमद तुम्हाला माहीत असतील. ‘योगसंग्राम’ लिहिणारे, मराठीत लिहिणारे आपल्याच जिल्ह्यातले संत. त्यांचं नाव आज घरी जाऊन शोधून बघा. महंमद, महम्मद, मोहम्मद, तिन्ही प्रकारे लिहा आणि प्रत्येक वेळी काय पुढे येतं ते वहीत टिपा. जवळच नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली, कारण ऐकणाऱ्याची भाषा मराठी होती. मी जे तुम्हाला तासभर सांगतोय ते यापेक्षा वेगळं नाही.

तर तुमच्यासाठी काम. जुन्या अंकांतला एक लेख प्रत्येकाने घ्यायचा आणि युनिकोडमध्ये टाइप करायचा. ओसीआरने थोडी मदत होते, पण जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. दुसरं, तुमच्या आईला, खालाला, शेजारच्या भाभीला विचारा, पोटगी, शिष्यवृत्ती, रेशन कार्डावरचं नाव, जातीचा दाखला, यातलं काही हवं असेल तर तू फोनमध्ये काय लिहिशील, किंवा काय बोलशील? ते शब्द जसेच्या तसे लिहून आणा. शुद्धलेखन सुधारू नका. तिसरं, ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नाही तो प्रश्न मला पाठवा.

त्या पेटीत ‘काहीही सापडले नाही’ हे वाक्य आता मी काढून टाकलं आहे. उत्तर सापडलं नाही तर तिथे ते दोन नंबर येतात आणि खाली लिहिलेलं असतं, तुमचा प्रश्न आमच्यापर्यंत पोचला आहे, उत्तर लिहायला थोडा वेळ लागेल. ते उत्तर लिहायला माणसं हवी आहेत. म्हणून आज तुमच्याकडे आलो.